स्वॅब शिरूरचा, रिपोर्ट अंबाजोगाईचा : कोरोना काळात चाचणी कशी मिळायची आणि आज कुठे मिळते

शिरूर कासार : कोरोनाचं नाव निघालं की लोकांना ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर आणि बंद पडलेल्या एसट्या आठवतात. पण त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागायची, ती म्हणजे चाचणी. ताप साधा आहे की कोरोनाचा, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नव्हतं. आणि शिरूर कासारसारख्या जिल्ह्याच्या टोकावरच्या तालुक्यात चाचणी म्हणजे नाकात काडी घालण्यापुरतं काम नव्हतं. ती काडी लॅबपर्यंत पोहोचायची, तिचा निकाल परत वस्तीवर यायचा, आणि तो यायच्या आधी घरातली बाकीची माणसं आजारी पडू नयेत, एवढं सगळं त्यात होतं.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आहे. तालुके ११. शिरूर पश्चिमेला, नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्याला लागून. जिल्ह्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र पूर्वेला अंबाजोगाईला. शिरूरहून बीड आणि बीडहून अंबाजोगाई धरलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. कोरोना काळात चाचणीचं काय झालं, कोणत्या चाचणीचा किती भरवसा होता, पैसे किती लागत होते आणि आज गावातल्या माणसाला तपासणी कुठे फुकट मिळते, याची ही एकत्र माहिती.

सुरुवातीला देशात एकच लॅब

जानेवारी २०२० मध्ये या नव्या विषाणूची तपासणी देशात फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत होत होती. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. ३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा त्याचा नमुनाही पुण्यालाच तपासला गेला. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले आणि ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली.

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हाही पुण्यात नायडू हॉस्पिटलपुढे रांगा लागल्या होत्या आणि नमुने एनआयव्हीतच जात होते. लॅब कमी आणि माणसं जास्त असली की चाचणी कोणाची करायची हे आधी ठरवावं लागतं. २०२० मध्येही तसंच झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या नियमानुसार आधी फक्त परदेशातून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले लोक तपासले जात. २० मार्चपासून श्वासाचा गंभीर त्रास होऊन दवाखान्यात दाखल झालेले रुग्ण त्यात आले. बाहेरगावाहून परतलेल्या मजुराला सर्दी-ताप असेल तर त्याची तपासणी करावी, हा नियम १८ मे २०२० ला आला. आणि ‘मला चाचणी करायचीय’ असं स्वतःहून म्हणून कोणालाही ती करून घेता येईल, ही सवलत सप्टेंबर २०२० मध्ये मिळाली.

लॅब मात्र झपाट्याने वाढल्या. जानेवारीत एक होती, २३ जून २०२० पर्यंत देशात सरकारी आणि खासगी मिळून १ हजार झाल्या.

कोयते परतले तेव्हा

शिरूर तालुक्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परततात. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात कोप्यांमध्ये अडकून पडली. १७ एप्रिल २०२० ला राज्य सरकारनं त्यांना गावी परतायची परवानगी दिली. त्या वेळी सांगितलेला आकडा होता ३८ साखर कारखाने आणि सुमारे १ लाख ३१ हजार ५०० ऊसतोड कामगार. अट एकच, कारखान्यानं सगळ्यांची आरोग्य तपासणी करून मगच सोडायचं.

ही ‘तपासणी’ म्हणजे स्वॅब नव्हता, हे नीट समजून घेतलं पाहिजे. ताप आहे का, खोकला आहे का, एवढंच बघून कागद दिला जायचा. लक्षण नसलेल्या मजुराचा स्वॅब घ्यायचा नियमच त्या वेळी नव्हता. त्यामुळे मजूर हातात कागद घेऊन गावच्या शिवेवर आला तरी गावाला त्या कागदाचा भरवसा वाटत नव्हता आणि मजुराला आपल्या तब्येतीचा. मग उपाय एकच उरला. कुणी शाळेत, कुणी रानात झोपडी करून दिवस काढायचे. चाचणी नसली की तिची जागा संशय घेतो, हे त्या उन्हाळ्यात गावोगावी दिसलं.

बीड जिल्ह्यात पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये आष्टी तालुक्यातल्या पिंपळा इथे सापडला. त्यानंतर मे महिन्याच्या मध्यापर्यंत जिल्हा शांत होता. तोवर जिल्ह्यातल्या संशयितांचे नमुने जिल्ह्याबाहेरच्या लॅबला पाठवले जात होते.

अंबाजोगाईची लॅब

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे ग्रामीण भागासाठी म्हणून उभं राहिलेलं जुनं महाविद्यालय. तिथे जून २०२० मध्ये कोरोना चाचणीची लॅब सुरू झाली आणि जिल्ह्याचे स्वॅब जिल्ह्यातच तपासले जाऊ लागले. जिल्ह्यासाठी ही मोठी सोय होती. पण शिरूरच्या हिशेबानं लॅब तरीही तालुक्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला होती.

स्वॅबचा प्रवास असा असायचा. नाकातून आणि घशातून काडीनं नमुना घ्यायचा. काडी एका नळीत बुडवायची, त्या नळीत विषाणू टिकवणारं गुलाबी पाणी असतं, त्याला व्हीटीएम म्हणतात. नळीवर नाव आणि नंबर टाकायचा, तीन पदरी पॅकिंग करायचं आणि बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचं. त्याच वेळी माणसाची माहिती मोबाईल ॲपवर भरायची आणि त्याचा एसआरएफ नंबर तयार करायचा. मग दिवसभराचे डबे गोळा झाले की गाडी निघायची.

लॅबमध्ये गेल्यावर नमुन्यातून विषाणूचा जनुकीय भाग, म्हणजे आरएनए, वेगळा काढतात. मशीन त्याच्या लाखो-करोडो प्रती करते. विषाणू असेल तरच प्रती वाढतात आणि मशीनवर दिसतात. हीच आरटीपीसीआर. मशीनचं काम काही तासांचं असतं. पण गाडीची वाट, नोंदीची चूक आणि आधीच्या नमुन्यांची थप्पी धरून निकालाला एक दिवस लागेल की तीन, हे कोणी सांगू शकत नव्हतं. निकाल मोबाईलवर येणार, आणि घरातला एकच मोबाईल पोराबरोबर बाहेर, नाहीतर रिचार्ज संपलेला, अशीही अडचण असायची.

अँटिजेन : गावात आलेली चाचणी

हा वेळ वाचवण्यासाठी १४ जून २०२० ला आयसीएमआरनं रॅपिड अँटिजेन चाचणीला मान्यता दिली. तिला लॅब लागत नाही, वीज लागत नाही. नाकातला नमुना नळीतल्या द्रवात फिरवायचा, दोन-तीन थेंब पट्टीवर टाकायचे, १५ ते ३० मिनिटांत रेघ उमटते. या चाचणीमुळे तपासणी पहिल्यांदा आरोग्य केंद्राच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात आणि बाजारपेठेत आली.

पण तिच्यात एक खोट होती आणि ती लोकांपर्यंत नीट पोहोचली नाही. मान्यता देताना आयसीएमआरनंच सांगितलं होतं की पहिल्या किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आहे. साध्या भाषेत, कोरोना झालेल्या १०० माणसांची अँटिजेन केली तर ५० ते ८४ जण सापडतात, बाकीचे ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातात. उलट बाजूनं मात्र ती पक्की होती. पॉझिटिव्ह आली तर तो रुग्णच धरायचा, पुन्हा तपासायची गरज नाही.

म्हणून नियम असा होता : अँटिजेन निगेटिव्ह आली पण ताप, खोकला किंवा धाप आहे, तर लगेच आरटीपीसीआर करायची. हा दुसरा टप्पा गावात गळून पडायचा. अर्ध्या तासात ‘निगेटिव्ह’ ऐकलेला माणूस दुसऱ्या स्वॅबसाठी थांबत नव्हता. तो घरी जाऊन सगळ्यांच्या पंक्तीत जेवायला बसायचा. पट्टीवरच्या एका रेघेवर अख्ख्या घरानं विसंबणं महागात पडू शकत होतं.

मे २०२१ मध्ये घरच्या घरी करायच्या किटलाही मान्यता मिळाली. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या पहिल्या किटची किंमत २५० रुपये होती. तिलाही अँटिजेनचाच नियम लागू होता : लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर भरवसा ठेवायचा नाही.

ट्रूनॅट : टीबीच्या मशीनवर कोरोना

तिसरा मार्ग ट्रूनॅटचा. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे छोटं, बॅटरीवरही चालणारं मशीन मुळात टीबीच्या तपासणीसाठी. एप्रिल २०२० मध्ये त्यावर कोरोनाची तपासणी करायला परवानगी मिळाली. एका वेळी थोडेच नमुने होतात, पण निकाल साधारण तासा-दोन तासांत येतो. बाळंतपणाला आलेली बाई किंवा तातडीच्या ऑपरेशनचा रुग्ण असेल तर लॅबची वाट बघता येत नाही, तिथे हे मशीन उपयोगी पडलं.

पैशाचा हिशेब

सरकारी केंद्रावर चाचणी पहिल्यापासून फुकटच होती. पैसे लागायचे ते खासगी लॅबला. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं जास्तीत जास्त दर ४ हजार ५०० रुपये ठरवला. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या एका चाचणीला १९ दिवसांची मजुरी. पाच माणसांच्या घराचा विचारच नको.

पुढे राज्य सरकारनं आरटीपीसीआरचे दर टप्प्याटप्प्यानं खाली आणले :

- जून २०२० : लॅब किंवा दवाखान्यात नमुना दिला तर २,२०० रुपये, घरी येऊन नेला तर २,८०० रुपये
- सप्टेंबर २०२० : १,२०० ते २,००० रुपये
- ऑक्टोबर २०२० : ९८० ते १,८०० रुपये
- डिसेंबर २०२० : ७०० ते ९८० रुपये
- ३१ मार्च २०२१ : ५०० ते ८०० रुपये, अँटिजेन १५० रुपये
- डिसेंबर २०२१ : ३५० ते ७०० रुपये, अँटिजेन १०० रुपये

ज्या चाचणीला पहिल्या उन्हाळ्यात साडेचार हजार लागत होते, तीच दीड-पावणेदोन वर्षांत साडेतीनशेवर आली. पण कागदावरचा दर वेगळा आणि वस्तीवरून पडणारा खर्च वेगळा. एसटी बंद असताना गाडी करून बीडला किंवा नगरला जायचं, एक दिवसाचा रोज बुडवायचा, बरोबर एक माणूस न्यायचा. हा खर्च कोणत्याही दरपत्रकात नव्हता. त्यामुळे ‘फुकट’ चाचणीही लांब असली की फुकट राहत नव्हती.

छातीचा स्कॅन म्हणजे चाचणी नव्हे

दुसऱ्या लाटेत, म्हणजे मार्च ते मे २०२१ मध्ये, स्वॅबचा निकाल उशिरा येतो म्हणून बऱ्याच लोकांनी सरळ छातीचा एचआरसीटी स्कॅन करून घेतला आणि ‘स्कोर किती?’ हा गावातला नेहमीचा प्रश्न झाला. स्कोर २५ पैकी असतो आणि फुप्फुसाचा किती भाग बाधित आहे ते सांगतो. बाधा कोणत्या विषाणूनं झाली हे तो खात्रीनं सांगू शकत नाही. आजाराच्या पहिल्या दिवसांत स्कॅन कोराही येऊ शकतो. साधी लक्षणं असताना स्कॅन करू नका, असं दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी मे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

स्कॅनलाही सरकारी दर होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं मशीनच्या क्षमतेप्रमाणे २ हजार, अडीच हजार आणि ३ हजार रुपये अशी मर्यादा ठरवली होती. हे माहीत नसल्यामुळे पावती न मागता पैसे मोजणारे कमी नव्हते.

लोक चाचणीला का घाबरत होते?

चाचणी जवळ आली तरी माणसं पुढे येतीलच असं नव्हतं. गावकऱ्यांना अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यामागे कारणं होती.

पॉझिटिव्ह आलं की घरापुढे पट्टी लागायची, गल्ली बंद व्हायची, दुधाचं घालणं थांबायचं. जूनमध्ये वापसा झालेला असताना चौदा दिवस घरात बसायचं म्हणजे पेरणी हुकायची. दिवाळीनंतर कारखान्याला निघताना पॉझिटिव्ह आलं तर उचल घेतलेला कोयता अडकायचा. मे २०२१ च्या शेवटी राज्य सरकारनं १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करायचं ठरवलं, त्यात बीड जिल्हाही होता. म्हणजे पॉझिटिव्ह आलं की कोविड सेंटरला जायचंच. आठ माणसं एका खोलीत राहणाऱ्या घरासाठी हा निर्णय बरोबर होता, पण मागे जनावरं कोण बघणार याचं उत्तर त्यात नव्हतं. मग ‘साधा ताप आहे’ म्हणून गोळी घेऊन अंगावर काढायचं आणि धाप लागल्यावर धावपळ करायची, असं होत गेलं.

ही भिंत जिथे थोडीफार पडली तिथे आशाताईंचा हात होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. ओळखीच्या बाईनं उंबऱ्यावर येऊन बोटाला यंत्र लावणं वेगळं, आणि अनोळखी गाडी येऊन माणूस घेऊन जाणं वेगळं.

रिपोर्टवरचे शब्द

रोज रात्री जिल्ह्याचा आकडा मोबाईलवर यायचा आणि लोक आपल्या तालुक्याची ओळ शोधायचे. त्यातल्या शब्दांचे अर्थ असे :

पॉझिटिव्ह : नमुन्यात विषाणू सापडला. किती आजारी आहे हे यावरून कळत नाही.

निगेटिव्ह : या नमुन्यात विषाणू सापडला नाही. संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी तपासलं तर झालेला आजारही निगेटिव्ह दिसू शकतो. म्हणून जवळच्या संपर्कातल्या माणसांची तपासणी पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करावी असा नियम होता.

अनिर्णित : निकाल धड इकडे नाही, धड तिकडे नाही. अशा वेळी नमुना पुन्हा द्यायचा असतो.

प्रलंबित : तपासणी अजून व्हायची आहे. निकाल येईपर्यंत स्वतःला पॉझिटिव्ह समजूनच वेगळं राहायचं.

आज तपासणी कुठे फुकट?

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेला नाही, पण घबराट गेली. पुढची साथ कोणतीही असो, डेंग्यू असो की नवा फ्लू, शिरूरच्या माणसाला या गोष्टी माहीत हव्यात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय हे सगळे यात येतात. अंबाजोगाईचं महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे तिथले नियम वेगळे आहेत.

रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांसाठी तालुक्याबाहेर जावं लागत नाही. २०१७ पासून ‘महालॅब’ योजनेत सरकारी दवाखान्यात रक्त घेऊन लॅबला पाठवलं जातं. रक्त द्यायच्या आधी ‘ही तपासणी इथे होते का?’ एवढं विचारायचं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कारखान्यावरून परतल्यावर खोकला राहिला तर ‘धुळीचा असेल’ म्हणून सोडू नका.

पुढच्या साथीत हे लक्षात ठेवा

- ताप कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवा. चाचणीचा अर्थ त्या तारखेवर ठरतो.
- नमुना देताना दिवसभर चालू असलेला मोबाईल नंबर द्या. स्वतःचा नसेल तर शेजाऱ्याचा, आशाताईचा द्या.
- कोणती चाचणी केली ते विचारा. पट्टीची चाचणी निगेटिव्ह आली आणि त्रास होतोय, तर त्याच दिवशी लॅबची चाचणी मागा.
- खासगीत पैसे देण्याआधी सरकारी दर विचारा आणि पावती घ्या.
- धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर रिपोर्टची वाट बघू नका. १०८ ला फोन करून आधी दवाखाना गाठा. सल्ल्यासाठी १०४ नंबर आहे.

लॅब अंबाजोगाईला आहे, ती उद्या शिरूरला येईल असं नाही. पण नमुना गावात घेणं, रोज ठरलेल्या वेळी गाडी निघणं, निकाल त्या घरापर्यंत पोहोचणं आणि पॉझिटिव्ह माणसाची जनावरं, पेरणी, उचल याची सोय गावानं लावणं, एवढं झालं तरी सव्वाशे किलोमीटरचं अंतर बरंच कमी होतं. यातली पहिली तीन कामं सरकारची आहेत. चौथं गावाचं आहे, आणि ते साथ यायच्या आधी ग्रामसभेत बोलून ठेवलेलं बरं.